ओल्ड वाइन नव्हे, ओल्ड व्हाइन

आमच्या वाशीमचं शिवार सोयाबीन-तुरीचं. द्राक्षाची वाइन म्हटली की इथला माणूस नाशिककडे बोट दाखवतो. त्यामुळे लाल वाइनच्या बाटलीवर ‘ओल्ड व्हाइन’, ‘जैविक’, ‘किमान हस्तक्षेप’ असं लिहिलेलं दिसलं की जो तो आपल्या परीनं अर्थ लावतो, आणि तो बहुधा चुकतो.

पहिली गल्लत उच्चारातच होते. ‘व्हाइन’ म्हणजे वेल. म्हणजे जुनी आहे ती वेल. बाटलीतली वाइन अगदी गेल्या हंगामातलीही असू शकते. वेल म्हातारी झाली की घड कमी लागतात, पण रस दाट असतो, म्हणून तिचा मान. मात्र किती वर्षांनी वेलीला जुनी म्हणायचं, याचा कायदा बहुतेक देशांत नाही. दक्षिण आफ्रिकेत 35 वर्षांच्या बागेला तसं प्रमाणपत्र मिळतं. नाशिकला सुला या वाइन कंपनीच्या पहिल्या वेली 1997 साली लावल्या गेल्या. त्या मापानं त्यांनाही 2032 उजाडावं लागेल. शिवाय तोवर वेल टिकायला हवी. युरोपातली वेल हिवाळाभर झोपते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. वेलीला तसा विसावाच मिळत नाही.

‘जैविक म्हणजे फवारणी नाही’ हे तर शेतकऱ्यानं मुळीच मानू नये. मोरचूद आणि चुन्याचं निळसर बोर्डो मिश्रण द्राक्षाच्या केवडा रोगावर फ्रान्समध्ये 1880च्या दशकापासून मारतात, आणि जैविक शेतीतही ते मर्यादेत चालतं. बंदी आहे ती रासायनिक खतं आणि कृत्रिम कीटकनाशकांवर.

किमान हस्तक्षेप म्हणजे द्राक्षं टाकीत टाकून विसरून जाणं, असंही नाही. बाहेरचं यीस्ट न घालता बागेतल्या आणि तळघरातल्या यीस्टवर रस आंबवतात. आपल्या वैद्यांना ही रीत नवी नाही: द्राक्षारिष्टात काढा, गूळ आणि धायटीची फुलं घालून बरणी बंद ठेवतात, मद्यार्क आपोआप तयार होतो. पण आधाराला काही घालायचं नाही म्हटलं की भांडी, हवा, तापमान सगळं दुप्पट सांभाळावं लागतं. जरा दुर्लक्ष झालं की व्हिनेगर.

लाल वाइनमध्ये रंग मिसळतात, हा संशय घरीच फेडता येतो. एक काळं द्राक्ष सोलून गर पिळा. रस जवळजवळ बिनरंगी निघेल. लाली सालीत असते, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात. रंग मिसळावा लागत नाही.

आता सल्फाइट, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग. डोकं दुखलं की दोष त्याच्यावर जातो. प्रत्यक्षात आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं, त्यामुळे अगदी शून्य जवळपास कधीच नसतं. युरोपात गोडवा नसलेल्या लाल वाइनला लिटरमागे 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, जैविक असेल तर 100. सोनेरी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्यात याहून कितीतरी जास्त असू शकतं. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो. त्यांनी लेबल वाचावंच.

सगळ्यात घातक समज शेवटचा: जैविक आहे, म्हणजे तब्येतीला चांगली. या वाइनमध्येही साधारण 12 ते 14 टक्के मद्यार्क असतोच, आणि मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. जो पीत नाही, त्यानं औषध समजून ही वाइन सुरू करू नये.