सामन्याआधी छापलेला कागद

क्रिकेटवरचं बहुतेक लिखाण सामना संपल्यावरचं असतं. स्कोअरकार्ड, दौऱ्याची पुस्तिका, सामन्याची स्मरणिका ही त्याआधीच छापून झालेली असतात. पुढे काय होणार हे त्या कागदाला ठाऊक नसतं. जुनी कार्डं जमवण्याची गंमत मला तरी त्यातच वाटते.

लॉर्ड्सवर छापील स्कोअरकार्ड 1848 मध्ये विकायला आलं. ते आणणारा फ्रेड लिलीव्हाइट एवढा हौशी, की 1859 साली जॉर्ज पारचा संघ अमेरिका-कॅनडाला निघाला तेव्हा छपाईचं यंत्र आणि तंबूही त्याने सोबत नेला. कप्तान त्या लटांबराला वैतागला होता म्हणतात.

आपल्याकडचं उत्तम उदाहरण 1932 च्या इंग्लंड दौऱ्याचं. कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. दौऱ्याआधी छापलेल्या कुठल्याही पुस्तिकेत कर्णधार म्हणून महाराजांचंच नाव असणार. पण महाराजांनी शहाणपणाने माघार घेतली, लिंबडी जायबंदी झाले आणि 25 जूनला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेले सी. के. नायडू. छापील नाव एक, मैदानावरचा माणूस दुसरा!

संग्राहकांच्या बाजारात कोऱ्या, स्वच्छ प्रतीला भाव असतो. मला पेन्सिलीने भरलेली प्रत हवी. 1943 ची पंचरंगी स्पर्धा घ्या. ब्रेबर्नवर अंतिम सामना हिंदू विरुद्ध ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्या धर्मीयांचा संघ. हिंदूंच्या 5 बाद 581 मध्ये विजय मर्चंट नाबाद 250. रेस्टचा पहिला डाव 133 वर आटोपला, फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात 387, आणि त्यातले 309 एकट्या विजय हजारेंचे! भाऊ विवेक यांनी 300 धावांच्या भागीदारीत 21 केल्या. हे आकडे आज कुठेही मिळतात. पण स्टँडात बसून भरलेल्या कार्डावर हजारेंच्या रकान्यात जागा संपते, आकडे समासात चढतात, आणि भरणाऱ्याचा हात कधी घाईला आला तेही दिसतं. स्वच्छ प्रतीत यातलं काय सापडणार? धर्मावर बेतलेली ती स्पर्धा 1946 च्या सुरुवातीला कायमची थांबली. ‘हिंदू विरुद्ध पारशी’ असं ठळक छापलेलं मुखपृष्ठ आज हातात घेताना जरा अवघडायलाच होतं.

नंतरच्या मुंबईत बेनिफिट सामन्यांच्या जाडजूड स्मरणिका आल्या. पुढे पाहुण्यांचे शुभसंदेश, मागे पानंच्या पानं जाहिराती. शुभसंदेश खुशाल वगळावेत, जाहिराती मात्र वाचाव्यात. गिरण्या, बँका, सिमेंट कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि टाइम्स शिल्डमध्ये उतरवत. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निर्लॉनमध्ये. तेव्हाचं क्रिकेट कुणाच्या पगारावर चालत होतं, ते या मागच्या पानांतून कळतं.

आता धावफलक फोनवर आपोआप हलतो आणि तिकीट म्हणजे एक काळा-पांढरा चौकोन. लॉर्ड्सवर अजून छापील कार्ड मिळतं. इथे जुना माल रद्दीवाल्याकडे नाहीतर फोर्टातल्या फुटपाथवर नशिबाने हाती लागतो. मिळालाच तर गंजलेल्या पिना आधी काढा, मुंबईच्या पावसाळ्यात त्या कागद खातात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. आणि पेन्सिलीचे आकडे खोडून प्रत ‘साफ’ करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती ती चुकूनही देऊ नका.