आगीत जीव घेते ती अडलेली वाट

मार्च १६५७. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकिओत, कित्येक आठवडे पावसाचा थेंब नव्हता. लाकूड, कागद आणि गवताची घरं कडकडीत वाळली होती. २ तारखेला दुपारी होंगो भागातल्या एका मंदिराकडून आग सुटली आणि वायव्येच्या सोसाट्याच्या वाऱ्याने ती शहरभर नेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन ठिकाणी भडका उडाला. तीन दिवसांत निम्म्याहून अधिक एदो बेचिराख झालं. शोगुनच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा जळाला, तो आजतागायत पुन्हा उभा राहिलेला नाही. मृतांचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा एक लाखाचा आहे. काही अभ्यासक तो बराच कमी मानतात.

हे सगळे ज्वाळांनीच मेले का? असाई र्‍योई या लेखकाने चारच वर्षांनी लिहिलेल्या ‘मुसाशी आबुमी’त असाकुसा वेशीची हकिगत आहे. आग कोदेनमाचो तुरुंगापाशी आली, तेव्हा तुरुंगाधिकाऱ्याने ‘आग विझल्यावर परत या’ एवढं वचन घेऊन कैद्यांना सोडून दिलं. वचन पाळून ते परतलेही. पण ‘कैदी पळाले’ अशी आवई उठली आणि पहारेकऱ्यांनी वेस बंद केली. मागून आग आणि समोर बंद दरवाजा, अशा कोंडीत तिथे २० हजारांहून अधिक माणसं दगावली, असं हा ग्रंथ सांगतो.

त्यात भर पडली ती सामानाची. एदोतल्या घरांमध्ये लाकडी संदूक असत, खाली चाकं लावलेले. आग लागली की कपडेलत्ते, चीजवस्तू आत कोंबायच्या आणि संदूक ओढत निघायचं. एका घरापुरती ही युक्ती नामी होती. हजारो घरांनी एकाच वेळी केली, तेव्हा अरुंद रस्ते आणि पुलांची तोंडं संदुकांनी तुंबली. पुढे १६८३ मध्ये सरकारने या चाकांच्या संदुकांवर बंदीच घातली.

या आगीनंतर शहराची रचना बदलली. लष्करी कारणांसाठी सुमिदा नदीवर तोवर फार पूल होऊ दिले नव्हते. नदीकाठी अडकून माणसं मेल्यावर र्‍योगोकु पूल बांधला गेला. आग पुढे सरकू नये म्हणून जागोजागी रुंद मोकळे पट्टे राखले. मोकळ्या जागेला मात्र गिऱ्हाईक फार. र्‍योगोकुच्या पट्ट्यात लवकरच चहाची दुकानं आणि खेळ-तमाशांचे तंबू आले. आग विझवणाऱ्यांचाही भर पाण्यापेक्षा पाडापाडीवर होता. आकडे आणि कुऱ्हाडी घेऊन ते वाऱ्याच्या दिशेची घरं जमीनदोस्त करत आणि आगीची वाट तोडत.

एवढं शिकलेलं शहर १९२३ मध्ये पुन्हा फसलं. १ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी भूकंप झाला. घरोघरी दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. त्याच र्‍योगोकुजवळ लष्करी कपड्यांच्या कारखान्याचं मोठं मैदान रिकामं पडलं होतं. सुरक्षित जागा म्हणून सुमारे ४० हजार लोक तिथे जमले, गाद्या, कपाटं आणि भरलेल्या हातगाड्यांसह. आगीच्या वावटळीतून ठिणग्या उडाल्या आणि त्या सामानाने पेट घेतला. त्या एका मैदानात अंदाजे ३८ हजार माणसं गेली. त्या भूकंपात आणि आगीत मिळून जे सुमारे एक लाख पाच हजार लोक गेले, त्यांतला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा हा.

पाणी, बंब, प्रशिक्षित जवान हे सगळं हवंच. पण ते पोचेपर्यंतची पहिली काही मिनिटं मोकळ्या वाटेवर अवलंबून असतात, आणि ती वाट राखणं आपल्याच हातात आहे. तुमच्या इमारतीच्या जिन्यात जुनं कपाट, सायकल किंवा कुंड्या ठेवलेल्या असतील, तर आजचा रविवार त्या हलवण्यासाठी वापरा. गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे, हेही विचारून ठेवा. आणि आग लागलीच, तर सामान तिथेच सोडा.