घरातील नाण्यांचा शोध

गुप्तधन म्हटले की कुदळ-फावडे डोळ्यांपुढे येते. परंतु सांवेर रस्त्यावर राहणाऱ्या आम्हां मंडळींनी त्यासाठी शेत उकरणे उचित नव्हे. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस वर्दी द्यावी, असा १८७८ सालचा कायदाच आहे.

आपला शोध आजीच्या पेटीपासून आरंभावा. इंदूरच्या जुन्या घरांतून होळकरांची नाणी अद्याप निघतात. शिवाजीराव होळकरांच्या (१८८६–१९०३) तांब्याच्या नाण्यांवर बसलेला नंदी दिसतो. १९३५ च्या पाव आण्यावर यशवंतरावांची मुखमुद्रा आहे. नाण्यावर विक्रम संवत असल्यास त्यातून ५७ वजा करावे, म्हणजे इसवी सन साधारणतः कळतो. संवत १९९२ म्हणजे १९३५.

नाणे मात्र घासू नये. बालपणी गोव्याच्या घरी आम्ही एक तांब्याचे नाणे चिंचेने लखलखीत केले. अक्षरे पुसली गेली आणि आजी गप्प झाली. तिच्या वडिलांची तेवढीच आठवण तिच्यापाशी उरली होती.

नाण्यावर पातळ कागद धरून मऊ शिसपेन्सिल तिरपी फिरवावी, म्हणजे ठसा उमटतो. तो वहीत चिकटवून, हे नाणे घरात कोणी व कोठून आणले, ते वडीलधाऱ्यांस विचारून खाली लिहावे. नाणे कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे.

तसले नाणे बाजारातही मिळेल. त्यामागची हकीकत मात्र सांगणाऱ्याबरोबरच जाते. बालमित्रहो, ती आजच लिहून घ्या.