फूट कुण्या राजाच्या पायाचा नव्हे

फूट म्हणजे कुण्या इंग्रज राजाच्या पावलाची लांबी, हे आपल्या कानावर शाळेतच पडते आणि पुढे आयुष्यभर पुसले जात नाही. वस्तुस्थिती अशी की, इंग्लंडला राजा मिळण्याच्या कितीतरी आधी रोमन लोक पावलाचे माप वापरत होते आणि त्याचे बारा भाग करत होते. त्या बाराव्या भागाचे लॅटिन नाव ‘उंकिया’. इंच त्यातूनच आला. पुढे, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, इंग्लंडच्या कायद्याने ही मापे एकमेकांत बांधली: जवाचे तीन कोरडे, गोल दाणे म्हणजे एक इंच, बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड, साडेपाच यार्डांचा रॉड. या व्याख्येत राजाचा पाय कुठेही नाही, धान्याचा दाणा आहे. तो दाणा अजून वापरातून गेलेलाही नाही. ब्रिटिश पद्धतीच्या बुटाचा नंबर एकाने वाढला की लांबी एक तृतीयांश इंचाने, म्हणजे जवाच्या एका दाण्याने वाढते.

यार्डाची गोष्ट मात्र निव्वळ कल्पित नाही. पहिल्या हेन्री राजाच्या नाकाच्या शेंड्यापासून पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापर्यंतचे अंतर म्हणजे यार्ड, असे सांगतात. बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माल्म्सबरी याने एवढेच नोंदवले आहे की, व्यापाऱ्यांची खोटी मापे मोडून काढण्यासाठी हेन्रीने स्वतःच्या हाताची लांबी प्रमाण ठरवली. नाक नंतर कुणीतरी जोडले. आपण लक्षात ठेवतो ते नाक, आणि विसरतो ती फसवणूक! कापडाच्या व्यापारात ‘एल’ नावाचे माप चाले. इंग्लंडचा एल ४५ इंचांचा, स्कॉटलंडचा ३७ इंचांचा, फ्लँडर्सचा २७ इंचांचा. माप एकाच नावाचे, पण गिऱ्हाइकाच्या हाती पडणारे कापड वेगवेगळे. राजांना मापात लक्ष घालावे लागले ते यासाठी.

सगळ्यात जास्त गैरसमज एकराबद्दल आहेत. एकर म्हणजे चौकोनी तुकडा, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. जुना इंग्लिश एकर मात्र लांबलचक पट्टा होता: ६६० फूट लांब आणि ६६ फूट रुंद. कारण नांगरात आहे. तिथल्या जड, चिकट जमिनीत मोठा नांगर चाले आणि पूर्ण जोत आठ बैलांचे धरले जाई. एवढे लांब जोत बांधावर वळवणे म्हणजे वेळ आणि ताकद दोन्ही खर्ची घालणे. म्हणून तास जितके लांब काढता येईल तितके काढायचे. या लांब तासावरूनच ६६० फुटांच्या अंतराला ‘फर्लांग’ हे नाव पडले. आणि एका दिवसात एवढे जोत साधारण जितकी जमीन नांगरेल, तो एकर. मोजणाऱ्याने कागदावर ठरवलेले हे क्षेत्रफळ नाही. बैल आणि औत्या यांच्या दिवसभराच्या कष्टाचे ते माप आहे.

मैलाचे ५,२८० फूट का, हा प्रश्न इथेच सुटतो. हा आकडा विचित्र दिसतो म्हणून तो मनमानी असेल असे वाटते. रोमन मैल हजार दुहेरी पावलांचा, म्हणजे ५,००० फुटांचा होता. पण इंग्लंडमधल्या जमिनी फर्लांग आणि रॉडमध्ये मोजलेल्या. फर्लांग बदलला असता तर सगळ्या शेतांची मापे आणि जमिनीचे व्यवहार हलले असते. म्हणून १५९३ साली, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, मैल आठ फर्लांगांचा ठरला: आठ गुणिले ६६०. तो कायदाही मापांचा नव्हता, लंडनच्या वेशीपासून तीन मैलांत नवी घरे बांधण्यावर बंदी घालणारा होता! मला या इतिहासातला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण इथे शेतकऱ्याच्या तासासाठी मैलाला लांब व्हावे लागले.

१६२० साली एडमंड गुंटर याने मोजणीसाठी ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी आणली. जुन्या एकराची रुंदी म्हणजे ही एक साखळी. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधले २२ यार्डही तेवढेच.

फॅदम आणि हँड यांच्याविषयी थोडक्यात. फॅदम मुळात समुद्राचे माप नव्हे. पसरलेल्या दोन्ही हातांमधले ते अंतर, आपल्या वावेसारखेच, पुढे सहा फुटांवर पक्के झालेले. चार इंचांचा ‘हँड’ घोड्याची उंची सांगायला आजही वापरतात.

ही मापे आता मेट्रिकपासून पूर्ण स्वतंत्र आहेत, हाही एक गैरसमज. ब्रिटनच्या प्रमाण यार्डाची पट्टी १८३४ साली संसदेच्या आगीत निकामी झाली आणि नवी पट्टी कायद्याने मान्य व्हायला १८५५ उजाडले. १९५९मध्ये इंग्रजी भाषिक देशांनी यार्ड ०.९१४४ मीटर आणि इंच २५.४ मिलिमीटर असा नेमका ठरवला. म्हणजे आज इंचाची व्याख्याच मेट्रिक आहे.

आपल्या सातबाऱ्याशी याचा थेट संबंध आहे. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची, म्हणजे गुंटरच्या निम्म्या लांबीची साखळी होती आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. इंग्लिश मापात तो बरोबर चार चौरस रॉड भरतो. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. उताऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते, आणि गावोगाव आर म्हणजेच गुंठा समजून व्यवहार होतात. आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फुटांचा, गुंठ्यापेक्षा लहान. एका हेक्टरमध्ये गुंठे १०० नव्हे, सुमारे ९८.८४ बसतात. फरक साधारण १,२६० चौरस फुटांचा पडतो. जमीन घेताना किंवा विकताना क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहून घ्या, आणि मगच गुंठ्याचा भाव लावा.