दोन तटांचा कज्जा आणि दोन चेंडूंचा तह

ज्या दोन राष्ट्रांची भाषा एक, ज्यांच्या ध्वजांवर तळपणारा सूर्य एक, ज्यांना विभागणारी नदीही एकच, त्यांच्यामध्ये एका चेंडूवरून इतके वैर माजावे कसे, या प्रश्नाने मला फार वर्षांपासून ओढ लावली आहे. रिओ दे ला प्लाताच्या एका तटावर ब्युनोस आयरेस, दुसऱ्या तटावर माँटेव्हिडिओ. बांधावरचा तंटा परक्याशी होत नाही, भाऊबंदांशीच होतो. अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचा कज्जा ह्याच जातीचा.

प्रारंभीचा काळ झपाट्याने ओलांडण्यास हरकत नाही. 1902 मध्ये अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघाने माँटेव्हिडिओत जाऊन सहा गोलांनी विजय मिळविला. 1916 मध्ये ब्युनोस आयरेसला भरलेल्या दक्षिण अमेरिकेच्या पहिल्या स्पर्धेत अखेरचा सामना प्रेक्षकांच्या दंगलीमुळे दुसऱ्या दिवसावर गेला, आणि करंडक उरुग्वेने नेला. 1924 मध्ये पॅरिसची ऑलिंपिक स्पर्धा जिंकून उरुग्वेचा संघ परतला, तेव्हा अर्जेंटिनाने त्यास तत्काळ आव्हान दिले. ब्युनोस आयरेसच्या सामन्यात गर्दी मैदानात घुसल्यामुळे खेळ थांबवावा लागला, आणि 2 ऑक्टोबरला तारेचे कुंपण घालून तो पुन्हा खेळविण्यात आला. त्या दिवशी सेसारेओ ओन्सारी याने कॉर्नरवरून मारलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता थेट जाळ्यात गेला. असा गोल ग्राह्य धरण्याचा नियम त्याच वर्षी मंजूर झाला होता. ऑलिंपिक विजेत्यांवर झाला म्हणून स्पॅनिश मुलखात अशा गोलास आजही ‘ऑलिंपिक गोल’ म्हणतात. 1928 मध्ये ॲमस्टरडॅमला दोघे पुन्हा अंतिम फेरीत भिडले. पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसरा उरुग्वेने 2-1 असा जिंकला.

ह्या सर्व तक्रारींचा निकाल लागावयाचा होता तो 30 जुलै 1930 रोजी, माँटेव्हिडिओच्या सेंटेनारिओ मैदानावर, पहिल्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात. ब्युनोस आयरेसहून बोटी भरभरून प्रेक्षक निघाले. बंदरावर त्यांची झडती घेण्याचा बंदोबस्त होता. पंच नेमले गेले बेल्जियमचे जाँ लांगेनुस. त्यांच्यापुढे आलेली पहिली फिर्याद खेळाची नव्हती, तर चेंडूची होती. दोन्ही संघांनी आपापला चेंडू आणला होता, आणि दुसऱ्याच्या चेंडूने खेळण्यास कोणीच राजी नव्हते.

आजच्या वाचकास हा हट्ट पोरकट वाटेल. परंतु त्या काळचा चेंडू नजरेसमोर आणावा. आत फुगा, वर कातड्याचे तुकडे हाताने शिवलेले, आणि तोंडाशी बुटासारखी वादी ओवलेली; ती वादी कपाळावर आदळली तर कातडी सोलून निघे, आणि पाऊस लागला की कातडे पाणी पिऊन जड होई. असे दोन चेंडू कधीच एकसारखे नसत, आणि ज्याच्या पायाला जो सवयीचा, तोच त्याला आज्ञाधारक वाटे. लांगेनुस यांनी दिलेला फैसला असा की, पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने खेळावा आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या.

पूर्वार्धाअखेर अर्जेंटिना 2-1 ने पुढे होती. उत्तरार्धात उरुग्वेने तीन गोल करून सामना 4-2 असा जिंकला. आणि येथूनच ती आख्यायिका जन्मास आली की, विश्वचषक चेंडूने जिंकला. मला हे मान्य नाही. अर्जेंटिनाच्याच चेंडूने पहिला गोल केला होता उरुग्वेच्या पाब्लो दोरादो याने. शिवाय अर्जेंटिनाचा फ्रान्सिस्को वराल्यो दुखऱ्या गुडघ्यानिशी उतरला होता, आणि बदली खेळाडूची सोय त्या काळी नसल्यामुळे त्याचे लंगडणे संघास शेवटपर्यंत सोसावे लागले. समोर होते नासासी, आंद्रादे, सेआ आणि स्कारोने, म्हणजे 1924 आणि 1928 ह्या दोन्ही ऑलिंपिक विजयांत तावून सुलाखून निघालेले गडी. पिछाडीवर असतानाही ज्यांचा धीर सुटत नाही, अशा माणसांचे श्रेय कातड्याच्या गोळ्यास देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्या उत्तरार्धातील अखेरचा गोल करणाऱ्या एक्तोर कास्त्रोकडे तर आख्यायिकेच्या नादात कोणी पाहतच नाही. तेरा वर्षांच्या वयात विजेच्या करवतीखाली त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला होता. सेंटेनारिओच्या उद्घाटनाच्या दिवशी, 18 जुलैला, पेरूविरुद्ध तेथला पहिला गोल त्याने केला. नंतर त्यास वगळण्यात आले, आणि अंतिम सामन्यासाठी पुन्हा बोलाविण्यात आले. वेळ संपत आली असता दोरादोने उंच टाकलेला चेंडू त्याने डोक्याने जाळ्यात धाडला. हवेत उडी घेताना तोल सांभाळण्यास दोन्ही हात किती उपयोगी पडतात हे जो जाणतो, त्यालाच त्या गोलाचे मोल कळेल. माझ्या मते ह्या संपूर्ण कज्ज्यातील सर्वांत थोर क्षण हाच होय.

पुढचे सांगण्यास क्लेश होतात. उरुग्वेत दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुटी जाहीर झाली. ब्युनोस आयरेसमध्ये उरुग्वेच्या वाणिज्य वकिलातीवर दगड पडले, आणि दोन्ही देशांच्या फुटबॉल संघटनांमधील संबंध तुटले. वराल्यो शंभर वर्षे जगला. 2010 मध्ये तो निवर्तला, तेव्हा त्या सामन्यातील अखेरचा खेळाडू गेला.

दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदांचा हिशेब 2024 च्या स्पर्धेअखेर अर्जेंटिना 16, उरुग्वे 15 असा आहे. म्हणजे शतकभराच्या भांडणानंतरही कोणाचे पारडे फारसे जड झालेले नाही. शेजाऱ्यावर विश्वास नसतानाही दोन्ही पक्षांनी 1930 च्या त्या दिवशी तिऱ्हाइताचा फैसला मानला आणि नव्वद मिनिटे सामना पूर्ण खेळला. चेंडूच्या वाटणीचे महत्त्व एवढेच, आणि माझ्या लेखी ते करंडकाहून कमी नाही.