सत्तर पानांचा पुडा आणि परवानगीचा कागद

तेंदूच्या हंगामात गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडकडची घरं पहाटेच रिकामी होतात. दुपारी अंगणात पानांचा ढीग, भोवती अख्खं घर. सत्तर पानं मोजायची, थर नीट बसवायचा, सालीनं करकचून बांधायचं, झाला पुडा. दहा वर्षांच्या पोरीची बोटं आईपेक्षा झरझर चालतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या केंद्रावर, शेकड्यानं हिशेब होतो. पुडा कुणी बांधला, हे कुणी विचारत नाही.

‘घरच्या कामाला कायदा लागत नाही’ हा समज इथूनच येतो, आणि अर्धा खरा असल्यामुळे तो हटत नाही. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी आली. घरच्यांना शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, धोक्याचं नसेल अशा कामात मदत करण्याची सवलत राहिली. 2017 च्या नियमांनी ती आणखी आवळली. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. दिवसाला तीन तासांहून जास्त नाही. आणि ज्या कामातून मुलाला किंवा घराला मोबदला मिळतो, ते ‘मदत’ धरायचं नाही. आता पहाटेची पानतोड आणि विकायचा पुडा यात कुठे बसवायचा? 2012 साली आलेल्या विधेयकात कुटुंबासोबत वनोपज गोळा करण्याचा चक्क उल्लेख होता. अंतिम कायद्यात तो नाही. माझ्या मते तो गेला हे बरंच झालं. पण त्या जागी नेमकं काय चालतं, हे गावात येऊन सांगणारा मात्र कुणी भेटत नाही.

‘सरपंचाचा दाखला किंवा आईबापांची सही असली की पोरगं ठेवता येतं.’ नाही. हॉटेलात कपबशा विसळायला बारा वर्षांचा मुलगा ठेवण्याची परवानगी देणारा कागदच अस्तित्वात नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असते ती बालकलाकारांसाठी. तिथेही दिवसाला पाचच तास, आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत.

‘चौदा पूर्ण झाली, आता कुठंही जाऊ दे.’ चंद्रपुरात हे ऐकलं की आधी कोळसा आठवतो. अठरापर्यंत खाणकाम, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया बंदच. बाकी ठिकाणी विश्रांती धरून सहा तास, आठवड्याला एक सुटी, ओव्हरटाइम नाही. वयावरून वाद झालाच तर आधी आधार किंवा शाळेचा-जन्माचा दाखला पाहतात. काहीच नसेल तर हाडांची तपासणी.

राहिली मिरची. तोडणीला तेलंगणात जाताना ‘मामासोबत गेली, घरचीच माणसं’ असं सांगतात. कायद्याच्या कुटुंबात मामा, मावशी, काका, आत्या सगळे येतात, खरं आहे. पण सवलत घरच्याच कामाला आहे, आणि शेत मामाचं नसतं. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत अशाच एका मिरचीच्या रानातून शेजारच्या छत्तीसगडमधल्या बिजापूरकडे पायी निघालेली बारा वर्षांची मुलगी घराजवळ येऊन दगावली.

आणि ‘तक्रार केली तर बापच आत जाईल’ ही भीती. पहिल्या चुकीला आईबापांना शिक्षा नाही; पुन्हा केली तर दहा हजारांपर्यंत दंड. तुरुंग आहे तो कामावर ठेवणाऱ्याला: सहा महिने ते दोन वर्षं, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही.