नगरपरिषदेला जाब विचारायचा तर

गावकऱ्याला ग्रामसभा आहे. नगरपरिषदेच्या शहरात राहणाऱ्याला घटनेने तशी सभा दिलेली नाही. 1993 मध्ये 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती अमलात आली. पहिलीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. दुसरीने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्या 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक आहेत. महाराष्ट्रातल्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदांची शहरे 40 हजार ते 1 लाख वस्तीची. ती या तरतुदीतून सुटली. तिथल्या माणसाने पाच वर्षांतून एकदा मत द्यायचे आणि एरवी नगरसेवकाच्या घरी खेपा घालायच्या. मध्यंतरी तेही राहिले नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळला, बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले आणि निवडणुका डिसेंबर 2025 पर्यंत लांबल्या.

उत्तरदायित्व पातळ होण्याचे दुसरे कारण पैशात आहे. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळेभाड्यातून खर्च भागत नाही, त्यामुळे मोठी कामे शासनाच्या अनुदानावर चालतात. मुख्याधिकारीही शासनच नेमते. साहजिकच कारभाऱ्यांचे लक्ष करदात्यापेक्षा मंत्रालयाकडे जास्त असते.

तरीही रहिवाशांच्या हाती बरेच काही आहे. त्यात सर्वांत धारदार हत्यार म्हणजे 2005 चा माहिती अधिकार कायदा. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. उत्तर मिळाले नाही, तर पहिले अपील आणि पुढे राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. पण अर्जात “रस्ता खराब का?” असे विचारून हाती काही लागत नाही. कागद नाव घेऊन मागावा लागतो: कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. मोजमाप पुस्तिकेत डांबराच्या थराची जाडी लिहिलेली असते. ती प्रत्यक्ष रस्त्याशी ताडून पाहता येते. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात. कंत्राटातला दोष दायित्व कालावधी संपण्याआधी रस्ता उखडला, तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. नगरपरिषदेने त्यासाठी नवी निविदा काढली, तर त्याच गल्लीतल्या लोकांनी हरकत घ्यायला हवी.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवालही असाच मागावा. त्यातले आक्षेप अनेकदा वर्षानुवर्षे तसेच पडून असतात. 15व्या वित्त आयोगाने तर अनुदानासाठी लेखे ऑनलाइन खुले ठेवण्याची अटच घातली होती. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला, तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. त्यासाठी ठरावाची नक्कल जोडून केलेली तक्रार ही नुसत्या मोर्चापेक्षा जास्त टिकते. दाखले आणि परवानग्या रखडल्या, तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते.

नगराध्यक्षाला परत बोलावण्याचा अधिकार मात्र महाराष्ट्रातल्या मतदाराला नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या कायद्यांनी तशी वाट काढली: तीन चतुर्थांश नगरसेवकांनी प्रस्ताव आणायचा आणि निर्णय मतदारांनी गुप्त मतदानाने द्यायचा. तिथे या मतदानाला ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ म्हणतात. 2008 मध्ये छत्तीसगडच्या काही नगराध्यक्षांना मतदारांनी याच मार्गाने घरी पाठवले. पण सुरुवात तिथेही नगरसेवकांच्याच हाती आहे.

म्हणून खुर्चीपेक्षा सभेची मागणी महत्त्वाची. प्रत्येक प्रभागात वर्षातून निदान दोनदा मतदारांची सभा भरावी, तीत झालेल्या कामांचा हिशेब मांडला जावा, आणि हे ऐच्छिक न राहता कायद्याने बंधनकारक व्हावे. ही दुरुस्ती राज्य विधिमंडळाच्या अधिकारातली आहे. लहान शहरांतल्या रहिवाशांनी ती आपापल्या आमदाराकडे लेखी मागावी.